कुंकवाखालचा दिवा

माझा धंदा काय, हे आमच्या बल्लारपुरात अजून कोणाला धड कळलेलं नाही. शेजारी म्हणतात कम्प्युटरवाला, सासरे म्हणतात कॅमेरेवाला. बाप पेपरमिलमध्ये फिटर होता. तो होता तोवर मला "पंखे पुसणारा" म्हणायचा. तिघंही थोडे थोडे बरोबर आहेत. ऑफिसात, दवाखान्यात, खाणीत रोज जे साठत जातं, म्हणजे कॅमेऱ्यांचं चित्रण, कागदांचे फोटो, असलं सगळं, ते साठवणाऱ्या लोखंडी पेट्या असतात. एकेका पेटीत बारा-बारा डिस्का. त्या पेट्या बिघडल्या की मी जातो. चंद्रपूर आणि गडचिरोली, दोन्ही जिल्हे माझ्या एकट्याच्या गळ्यात आहेत आणि त्या दोन जिल्ह्यांच्या रस्त्यांनी माझी कंबर कधीच मोडली.

आता जे सांगायचंय त्यासाठी पेटीची एकच गोष्ट कळली तरी पुरे. डिस्का म्हणजे गोदाम. माल कुठे ठेवायचा, कुठून काढायचा, हे ठरवणारा जो असतो त्याला कंट्रोलर म्हणतात. बऱ्या पेटीत असे दोन असतात, ए आणि बी. बंडीच्या बैलजोडीसारखे. पण बंडीचा एक बैल बसला तर बंडी थांबते, गाडीवानाला कळतं. इथे एक मेला तरी दुसरा गुमान सगळा भार ओढत राहतो, आणि बाहेरून काहीच कळत नाही. कळायची सोय एवढीच की पेटीच्या पुढच्या बाजूला, डाव्या कोपऱ्यात, ज्वारीच्या दाण्याएवढा एक दिवा असतो. हिरवा म्हणजे दोघंही जिवंत. केशरी म्हणजे एक गेला, दुसरा जायच्या आत धावा.

दसऱ्याला आमच्याकडच्या सगळ्या ऑफिसांत यंत्रांची पूजा होते. ट्रक, पंप, छपाईयंत्र, कम्प्युटर, सगळ्यांना हळदीकुंकू आणि झेंडूची माळ. आम्ही बौद्ध. त्या दिवशी आम्ही घरदार घेऊन दीक्षाभूमीवर असतो, त्यामुळे ती पूजा मी कधी होताना पाहिली नाही, झालेली तेवढी पाहत आलो. नवा नवा होतो तेव्हा एका पतसंस्थेत पेटीवरचं कुंकू मी ओल्या फडक्यानं पुसून टाकलं होतं. पंख्याच्या जाळीत जात होतं, दुसरं काही नाही. पण केवढा तमाशा झाला. तिथला मॅनेजर सगळ्यांदेखत म्हणाला, "तुमच्यात नसते, मान्य हाय. पण आमचं पुसाले तुमाले सांगतलं कोणं?" तुमच्यात, आमच्यात. चार ग्राहक बसलेले, ते माझ्याकडे वळून पाहायला लागले. वर कंपनीला तक्रारीचं पत्र गेलं आणि कंपनीनं मला लोकांच्या भावना सांभाळा म्हणून लिहून पाठवलं. अंग असं जळलं होतं माझं. त्या दिवसापासून कानाला खडा. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. मी कुंकवाला हात लावणं सोडलं.

त्या वर्षी दसऱ्यानंतर दहा-बारा दिवसांनी मी एका कोळसा खाणीत तिमाही पाहणीला गेलो. खाणीचं नाव सांगत नाही, कोणत्या अंगाला आहे तेही नाही. फाटकापाशी कॅमेऱ्यांची खोली होती, आणि त्या खोलीत बारा वर्षं पडद्यांपुढे बसून मान वाकडी झालेला एक ऑपरेटर. पन्नाशी कधीच ओलांडलेला, अतिशय सज्जन माणूस. मी गेलो की आधी चहा, मग काम. पूजा त्यानंच केली होती, आणि काय केली होती! पेटीच्या पुढच्या पट्टीवर हळदीचा जाड थर, त्यावर कुंकवाची बोटं, वर सुकलेली माळ. कुंकू पाण्यात कालवून लावलेलं, ते वाळून घट्ट बसलेलं. ही माझी लक्ष्मी आहे, हिच्यावर माझा संसार चालतो, असं तो मला सांगत होता. डाव्या कोपऱ्यातला दिवा त्या थराखाली गेला होता.

मी पाहिलं. पाहिलं नाही असं म्हणणार नाही. दिवा दिसत नव्हता हे मला दिसत होतं.

दुसरे मार्ग नव्हते असं नाही. पेटीच्या मागून प्रत्येक कंट्रोलरचा वेगळा दिवा दिसतो, पण मागे कागदांचं कपाट टेकवून ठेवलेलं. ते सरकवायला दोन माणसं लागली असती. लॅपटॉप जोडून आतली नोंद वाचता आली असती, पण त्याचा पासवर्ड सुरक्षा साहेबांकडे, आणि साहेब मीटिंगमध्ये. बिघाड झाला की पेटी टीं टीं करते, तो आवाज ऑपरेटरनं दोन वर्षांपूर्वीच बंद करून ठेवला होता, कारण दिवसातून दहादा वीज जायची आणि दहादा ती कोकलायची. राहता राहिलं कुंकू. "भाऊ, जरा पुसतो," एवढं म्हणायचं होतं. तो नाही म्हणाला नसता, हे मला आज पक्कं माहीत आहे. तेव्हा माझ्या जिभेवर ते आलं आणि तिथेच राहिलं. बाराही डिस्का हिरव्या लुकलुकत होत्या, पंख्यांचा आवाज बरा होता, पुढे घुग्घुसला आणखी एक काम होतं. मी रिपोर्टवर लिहिलं: सर्व दिवे हिरवे, यंत्र सुस्थितीत. खाली सही ठोकली.

डिसेंबरात त्या खाणीत ढिगारा घसरला. कोळशाच्या वरची माती-दगड काढून बाजूला टाकतात, त्याचा डोंगर होतो. आमच्याकडे सगळे त्याला ओबी म्हणतात. त्या ओबीची एक कड दुपारी खाली आली. एक डंपर अर्धा दबला, पण चालक उडी मारून वाचला. माणूस कोणीच गेलं नाही, असं संध्याकाळी जाहीर झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी मला फोन आला की कॅमेऱ्यांची पेटी कालपासून बंद आहे, आत्ताच्या आत्ता या. मी एक नवा कंट्रोलर डिक्कीत टाकला आणि निघालो.

फाटकाशी एक बाई बसली होती. तिशीची असेल. गावातल्या दोन-तीन बाया जरा मागे उभ्या होत्या. तिच्या कपाळावर ठसठशीत कुंकू, आणि मांडीवर घडी घातलेलं गड्याचं स्वेटर. चौकीदारानं मला पाहून 'कॅमेऱ्याचा माणूस आला' म्हटलं तशी ती उठली आणि माझ्या गाडीला आडवी आली. तिचा नवरा ठेकेदाराकडे पंपावर होता. खाणीत साचलेलं पाणी उपसायचा पंप, तो त्याच ढिगाऱ्याच्या पायथ्याशी. काल तो घरी आलाच नव्हता. ठेकेदाराच्या हजेरीत मात्र दोन वाजता पाळी सुटल्यावर बाहेर गेल्याची त्याची सही होती.

ती सही कशी असते ते सांगतो. ठेकेदाराचा मुन्शी सकाळीच दोन्ही सह्या एकदम घेतो, आत आल्याचीही आणि बाहेर गेल्याचीही. दुपारी फाटकावर खोळंबा नको म्हणून. मी पाहिलेल्या सगळ्या ठेक्यांवर हीच रीत. सगळ्यांना माहीत असतं आणि कागदावर कोणालाच माहीत नसतं. त्या दिवशी पंपावर त्याच्या जोडीला कोणी नव्हतं. पाळीतले बाकीचे लोक खाली मान घालून होते. पाण्यात राहून माशाशी वैर कोण करणार?

ती म्हणाली, "भाऊ, तुमच्या कॅमेऱ्यात पाहा. दोन वाजता गेटातून निंगताना दिसला, तं मी आत्ता उठून घरी जातो. नाई दिसला तं तो त्या मातीखाली हाय. मंग याईले म्हणा, खोदा."

हे एवढंच तिचं मागणं होतं. मी पाहतो म्हणालो. माझा जीव खरंच तळमळला, आणि मनात म्हटलं, डिस्का शाबूत असल्या तर बाईला उत्तर मिळेल.

खोलीत पेटी गप पडली होती. डिस्कांचे दिवे विझलेले, पंखे थांबलेले. सुरक्षा साहेब पाठीशी उभे, ऑपरेटर कोपऱ्यात. आधी वीज पाहिली, ठीक होती. केबली पाहिल्या, ठीक. मग तिघांनी मिळून ते कपाट सरकवलं आणि मी मागून बी कंट्रोलर ओढून काढला. तव्यासारखा तापून गार झाल्याचे डाग त्याच्यावर पडले होते, आणि पंख्याच्या जाळीत कोळशाची भुकटी काजळासारखी बसली होती. साफ केला, परत बसवला, काही नाही. पुन्हा काढला, त्या जागी डिक्कीतला नवा घातला. दहा मिनिटं आम्ही तिघं त्या पेटीकडे पाहत उभे होतो. मग पंखे घरघरले आणि डिस्का एकेक करून हिरव्या झाल्या. बाराच्या बारा. एकही गेली नव्हती. ऑपरेटरनं हात जोडले. खरं सांगतो, मीही मनातल्या मनात जोडले.

फाटकाचा कॅमेरा लावला. काल सकाळी सहाला आठ मिनिटं कमी असताना तो आत जाताना दिसला, ऑपरेटरनं ओळखला. बारीक माणूस, कानाला दुपट्टा गुंडाळलेला, हातात डबा, अंगात स्वेटर नाही. फाटकातून आत येताना त्यानं चौकीदाराला काहीतरी म्हटलं आणि हसला. मी चित्रण पुढे पळवलं. आठ, दहा, बारा. बारा वाजून सत्तेचाळीस मिनिटांनी चित्र थिजलं. त्याच्या पुढचं चित्र आजचं, आत्ताचं. त्यात फाटकाशी ती बसलेली दिसत होती, मांडीवर स्वेटर घेऊन.

मधलं काहीच नव्हतं. हरवलं नव्हतं, पुसलं नव्हतं, ते मुळात लिहिलंच गेलं नव्हतं. ढिगारा घसरला दीडच्या सुमाराला, पाळी सुटली दोनला, आणि पेटी पाऊण तास आधीच बसली होती. साहेबांनी मला दोनदा विचारलं की यात तो बाहेर गेला नाही असं कुठे सिद्ध होत नाही ना. मी म्हटलं, गेला असंही होत नाही. ते म्हणाले ठीक आहे, रिपोर्ट लिहा, आणि फोन लावत बाहेर गेले. त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला मी पाहिला.

रिपोर्टसाठी मला कारण हवं होतं. बी गेला तो गरमीनं, हे कळत होतं. पण बी गेला तर ए कुठे होता? इथंच घोडं पेंड खात होतं. दोघं एका क्षणी मरत नसतात. एकाच वेळी मेले तर काल वीज कडाडली असेल, वर्षातून एखादवेळी होतं तसं. या वेळी साहेबांनी पासवर्ड देऊन ठेवला होता. लॅपटॉप जोडला, आतली नोंद उलटी वाचत गेलो. काल, परवा, गेला आठवडा, नोव्हेंबर. सगळीकडे बी एकटाच. मागे जात जात दसऱ्यापर्यंत पोचलो. दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी ए गेला होता. तेव्हापासून बी एकटा, तोंडात कोळशाची भुकटी घेऊन, दोघांचा भार ओढत होता. आणि चौथ्या दिवसानंतर आठवड्याभरानं मी इथे उभा राहून सर्व दिवे हिरवे असं लिहून गेलो होतो.

मी पेटीच्या पुढे आलो. माळ केव्हाच गळून गेली होती, हळदीकुंकू तसंच होतं. अंगठ्याच्या नखानं डावा कोपरा खरवडला. कुंकवाचा पापुद्रा निघाला आणि खालून केशरी दिवा दिसला. भर दिवसा, माझ्या तोंडासमोर. बाप म्हणायचा, हात लावल्याबिगर मशीन कळत नाही, नुसत्या डोळ्यावर भरवसा ठेवशील तर फसशील. माझ्या हाताला तेव्हा काय झालं होतं? लकवा?

ऑपरेटर माझ्या मागेच उभा होता. त्याला यंत्रातलं फारसं कळत नसे, पण त्या दिव्याचा अर्थ मीच त्याला कधीतरी शिकवला होता. तो खाली बसला, जमिनीवरच. मग हळूच म्हणाला, "साहेब, हे लिवू नका. मायी नोकरीची दोनच वर्षं राह्यली. पूजा मी केली, म्हंतीन का यानंच मारलं."

मी त्याला म्हणालो, तुमचा काही दोष नाही भाऊ. आणि तो नव्हताच. पूजा करणाऱ्याचा दोष नव्हता, पाहायला आलेल्याचा होता. पण त्याच्या त्या शब्दांनी मला वाट काढून दिली. या गरीब माणसाला कशाला मारायचं, असं मी स्वतःला सांगितलं. किती सोपं असतं ते, आपलं पाप दुसऱ्याच्या पदराखाली झाकणं. मी लिहिलं: विजेच्या झटक्याने दोन्ही कंट्रोलर एकाच वेळी निकामी. मागील पाहणीत यंत्र सुस्थितीत होते. सही केली. मग ओल्या फडक्यानं ती पट्टी स्वच्छ पुसली. आता कोणाच्या भावना दुखावणार होत्या!

साहेबांनी रिपोर्ट वाचला आणि मान डोलावली. मला त्या क्षणी कळलं नाही, नंतर कळलं, की त्यांना तेच हवं होतं. यंत्र कालपर्यंत ठणठणीत, म्हणजे आम्ही मुद्दाम बंद ठेवलं असं कोणी म्हणू शकत नाही. झटका दैवाचा. कॅमेरा मुका. मग उरली ती हजेरीतली सही, आणि सही म्हणते माणूस बाहेर गेला. खिशात माझी पेनड्राइव्ह होती. सकाळचं ते आठ-दहा सेकंदांचं चित्र मी काढून घेऊ शकलो असतो. विचार आला होता. साहेब दारात उभे होते, मी खिशातला हात बाहेर काढला नाही.

फाटकाशी ती उभीच होती. मी सांगितलं, सकाळी आत जाताना दिसला, कानाला दुपट्टा होता, हसत होता. तिनं स्वेटर घट्ट धरलं. मग मी सांगितलं की दुपारचं मशीन बंद होतं.

"बंद काऊन होतं?"

"लाइनीचा झटका बसला," मी म्हणालो.

तिनं मान हलवली. तिनं माझ्यावर विश्वास ठेवला, हेच मला आजवर छळतं. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

दोन दिवस त्यांनी रस्त्यावरची माती हटवली, डंपर काढला आणि थांबले. आत कोणी नाही तर खोदायचं कशाला? पोलिसांनी माझ्या रिपोर्टची प्रत नेली, तीही फायलीला लागली. गावात कोणीतरी बोललं की नवराबायकोचं भांडण झालं होतं, तो तेलंगणात मिरची तोडायला गेला असेल. आमच्या भागातून हिवाळ्यात ट्रकच्या ट्रक भरून माणसं मिरचीला जातात, चार महिने फोन लागत नाही, हे खरं आहे. म्हणून ते पटायलाही सोपं. हळूहळू तेच सगळे बोलायला लागले. जानेवारीत मी नवा ए बसवायला गेलो तेव्हा चौकीदार मला हसत हसत म्हणाला की ती बाई अजून येते, नवरा तिकडे मिरचीत मजा करून राह्यला अन् ही इथी बसून राह्यली. मी त्याच्यावर असा खेकसलो की तो दचकला. पण खेकसण्यापलीकडे काही केलं नाही. ती त्या दिवशी फाटकाशी नव्हती, आणि नव्हती याचं मला हायसं वाटलं. लाज वाटते हे लिहिताना.

मे महिन्यात खाण वाढवायची म्हणून तो ढिगारा हलवायला काढला. ऑपरेटरनं फोन केला. चाळीस फूट आत पंप सापडला, आणि पंपापाशी तो. डबा शेजारी होता. ऑपरेटर फोनवर रडत होता आणि सारखं म्हणत होता की आपण पाहायला पाहिजे होतं. 'आपण' म्हणाला तो, 'मी' म्हणाला नाही. त्याच दिवशी मी खरा रिपोर्ट लिहिला, दसऱ्यापासूनचा, माझ्या खोट्या सहीसकट, आणि कंपनीला आणि खाणीला दोघांनाही पाठवला. कंपनीनं मला त्या खाणीच्या कामावरून काढलं. खाणीकडून उत्तर आलं की प्रकरण बंद झालेलं आहे. बस, एवढंच.

तेरवीला मी तिच्या गावी गेलो. न बोलावता. खाणीपासून तीन किलोमीटरवर धानाच्या बांध्यांच्या पल्याड पंधरा-वीस घरं. अंगणात मांडव, पंगत उठत होती. ती पडवीत बसली होती, सासू शेजारी खाटेवर. मी तिच्यासमोर खाली बसलो आणि सगळं सांगितलं. दिवा कुठे असतो, काय सांगतो, त्यावर कुंकू कसं होतं, मी ते का पुसलं नाही, काय लिहून गेलो, नंतर काय लिहिलं. लाइनीचा झटका खोटा होता हेही. तिचं कपाळ मोकळं होतं, आणि जिथे कुंकू असायचं तिथली कातडी आजूबाजूपेक्षा उजळ दिसत होती.

मग तिनं जे सांगितलं ते मला सुचलंही नव्हतं. तो गेला हे तिला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. चौथ्या दिवशी तिनं कुंकू पुसलं. सासूनं हात धरून परत लावलं, जित्या नवऱ्याची बायको असं करते का म्हणून. गावानं लावायला लावलं. तो मिरचीत आहे, येईल, असं ज्याच्या-त्याच्या तोंडी. पुसलं की बाया म्हणत, नवऱ्याच्या मरणावर टपली आहे. सहा महिने ती रोज सकाळी कुंकू लावत होती आणि फाटकाशी जात होती. रडायचीसुद्धा चोरी होती. खाटेवर सासू तोंडाला पदर लावून बसली होती, तिनं ऐकलं आणि तोंड फिरवलं.

मग तिनं विचारलं, "सकाळी जाताना दिसला म्हणत होते ना तुमी? हसून राह्यला होता म्हणे. तेवढं तरी हाय का मशीनीत? मले एकदा पाहाचं होतं."

ते मला सांगावं लागलं. पेटी तीस दिवसांचं ठेवते, मग जुन्यावर नवं लिहिते. मी दुरुस्त केलेली पेटी जानेवारीत अगदी नीट चालत होती. त्यामुळे ते वेळच्या वेळी पुसलं गेलं होतं.

तिनं माझ्या हातांकडे पाहिलं. आवाज चढवला नाही, डोळ्यांत पाणी नव्हतं.

"पुसाचं होतं ते तुमी ठेवलं, भाऊ," ती म्हणाली. "अन् ठेवाचं होतं ते पुसलं."

मी उठायला लागलो तर तिनं थांबवलं. तेरवीच्या दारातून माणूस उपाशी जात नाही. तिनं स्वतः पान मांडलं, भात वाढला, वर वरण घातलं, आणि मी जेवेपर्यंत समोर बसून राहिली. पान टाकून उठायची माझी हिंमत झाली नाही, मी सगळं संपवलं.